आमच्या आळीच्या रस्त्याचा नारळ

माझ्या लहानपणी अंगणातून आळीत उतरायला तीन पायऱ्या होत्या. गेल्या पावसाळ्यापर्यंत आळीतून अंगणात उतरायला दोन झाल्या होत्या. घर जागचं हललेलं नाही, रस्ता वर आला आहे. दर निवडणुकीच्या आधी जुन्या काँक्रीटवर नवं काँक्रीट पडतं. जुनं खोदून काढायची पद्धत नाही, कारण खोदकामाचं उद्घाटन करता येत नाही.

नागावच्या बाजूला बऱ्याच घरांची हीच तऱ्हा आहे. पण आमची विहीर अंगणात, रस्त्याला लागून. पावसात रस्त्यावरचं पाणी, शेणासकट आणि पाहुण्यांच्या गाड्यांच्या तेलासकट, अंगणात उतरतं. शेजारच्या दोन विहिरी मचूळ झाल्या. आमचं पाणी अजून गोड आहे. गेल्या पावसाळ्यात रस्त्याचं पाणी विहिरीच्या कठड्याच्या वरच्या काठाला चार बोटं कमी असताना थांबलं. आणखी एक थर पडला की ते आत जाणार, एवढं गणित मला भाषेचा मास्तर असूनही येतं.

आळीतली रीत अशी, की ज्याच्या दारात काम सुरू होतं त्याच्याच वाडीतला नारळ फोडायचा. विकतचा आणला तर त्या घराचा अपमान. मागचे दोन थर आमच्याच नारळांवर सुरू झाले. या खेपेला मी ठरवलं, आधी खोदा, मग नारळ.

भूमिपूजनाच्या सकाळी दारात मांडव पडला. बॅनरवर एकोणीस चेहरे आणि एका कोपऱ्यात रस्ता, तोही कुठल्या तरी परदेशातला. पंचायतीचे मेंबर अंगणात उतरले.

"काका, नारळ द्या. साहेब अलिबागवरून निघालेत."

"आधी जुना थर काढा."

"खोदायचं एस्टिमेटमध्ये न्हाय हो!"

"मग नारळही नाही."

"काय काका! एवढी वाडी तुमची, आणि मी दुकानातला नारळ आणू? लोक तुम्हालाच हसतील."

"हसू देत."

मेंबर घाम पुसत उभे राहिले. साहेब आले, गळ्यात हार पडला, फोटोवाला तयार झाला. तरी काम सुरू होईना. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यामुळे काहीतरी अडलं होतं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटत होतं.

तेवढ्यात बायको ताम्हन घेऊन बाहेर आली. त्यात सोललेला, शेंडी राखलेला, हळदकुंकू लावलेला नारळ.

"अहो, दारात आलेल्या माणसाला वाडीतला नारळ नाही म्हणायचं? गणपतीत या मेंबरांच्याच घरी जायचंय मला."

"आणि विहीर?"

"ते मी सांगते त्यांना."

तिने खरंच सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि मेंबरना म्हणाले, "नोंद घ्या." कोणाच्याही हातात कागद नव्हता. मग वयाचा मान म्हणून नारळ माझ्याच हातात आला. एका घावात फुटला. टाळ्या झाल्या.

थर पडला. आता अंगणात उतरायला तीन पायऱ्या आहेत.

पावसाच्या आत विहिरीचा कठडा उंच करून घ्यायचा म्हणून मी गवंडी बोलावला. जांभ्याचे चिरे आले, सिमेंट आलं. गवंडी घमेलं खाली ठेवून माझ्याकडे बघत उभा राहिला.

"काय राहिलं?" मी विचारलं.

"काम सुरू करायचं ना काका? नारळ?"