बानूबाईंचं बारावीचं इंग्रजी

खुटबावच्या अंगणवाडीत बानूबाई अकरा वर्षं मदतनीस होत्या. खिचडी शिजवायच्या, रडणाऱ्याला गप्प करायच्या, आणि सेविका सविताताई मीटिंगला गेल्या की वर्गही सांभाळायच्या. सविताताई जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. बारावी पास झाल्या तर ती जागा बानूबाईंना मिळणार होती. बाकीचे विषय सुटले होते. इंग्रजीत एकोणतीस मार्क पडून अडलं होतं.

कारण लेकीनं शोधलं. प्रगती डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती.

"आई, कवितेतला अलंकार ओळखा म्हटल्यावर तू काय लिहिलंस?"

"सहाच्या सहा. पाठ हायेत. एक तरी बरोबर निघंल की!"

मेंढ्या चारून नुकतेच परतलेले प्रगतीचे वडील, मल्हारी, हसले. "म्हंजी तपासणाऱ्यालाच निवडायला लावलं व्हय!"

प्रगतीनं वहीत चौकोन काढले, बाण काढले. बानूबाईंना त्यात काही दिसेना. इतक्यात कोकरं ओरडायला लागली, तशा त्या उठल्या. नऊ कोकरं, बघणाऱ्याला सगळी सारखीच. त्यांनी एकेक उचलून नेमकं त्याच्या आईखाली लावलं.

"तुला कसं कळतं गं?"

"तोंडावरनं. आन् चुकलं तर मेंढीच लाथ मारती."

प्रगती वही घेऊन तिथंच बसली. "मग ओळ म्हणजे कोकरू धर. 'सिंहासारखा शूर.' ह्याची आई कोण?"

"'सारखा' हाय. सिमिली."

"'वारा गाणं गातो.'"

"वाऱ्याला कुठलं तोंड? त्याला मानूस केलाय. पर्सॉनिफिकेशन."

"'तो सिंहच आहे.'"

"सिमिली."

"बसली लाथ!" मल्हारी ओरडले. "त्यात 'सारखा' कुठंय?"

"व्हय की! मेटाफर. आन् तुम्ही कवा शिकलात?"

"रोज कानावर पडतंय. कान काय गहाण ठेवू?"

दोन महिने रोज संध्याकाळी असंच चाललं. अलंकार संपल्यावर काळ आले, मग कर्ता-क्रियापद. काळांनी बानूबाईंना फार छळलं. भूतकाळात क्रियापदं रूप का बदलतात, यावर त्या चिडायच्या. फेब्रुवारीत वरवंडला पेपर झाला. अलंकाराच्या ओळीपुढं त्यांनी एकच नाव लिहिलं आणि पान उलटलं.

मे महिन्यात निकाल लागला. प्रगतीनं मोबाइलवर इंग्रजीचे मार्क वाचले. त्रेचाळीस. बानूबाईंनी ते तीनदा वाचायला लावले, मग साडी बदलून कागदांची पिशवी उचलली.

"अगं, जेवून तर जा," मल्हारी म्हणाले.

"तुम्ही जेवा. दौंडचं हापीस बंद व्हायच्या आत अर्ज द्यायचाय."