शेंगदाण्याच्या सालींचा मुरघास

"डॉक्टरबाई, तिसरीबी रवंथ करंना," कडूबाई फोनवर म्हणाल्या. त्यांच्या दोन गायी सकाळपासून बसून होत्या. मी त्यांच्या गावाजवळच, करमाडच्या अलीकडं होते. स्कूटर तशीच वळवली.

त्या गायींना घालायचा चारा मीच सुचवला होता. मका कमी पडला होता आणि शहरात शहागंजातल्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात शेंगदाण्याच्या लाल साली, फुटके दाणे पोत्यांनी पडून होते. ते थोडे थोडे मक्याच्या कुट्टीत मिसळून मुरघास करायचा, म्हणजे चारा हवाबंद पिशवीत दाबून आंबवायचा, हे कडूबाईंच्या महिला गटाला मीच शिकवलं. पहिल्या पोत्याचं सॅम्पल लॅबला दिलं होतं. रिपोर्ट क्लीन होता.

"काल काय घातलं?"

"नवी पिशवी फोडली."

मी पिशवीत कोपरापर्यंत हात घातला. कुबट वास. सालींचे हिरवट गोळे हातात आले.

"ही पोती कधीची?"

"शेवटच्या खेपेची. जराशी ओली व्हती. म्हणलं, आंबवायचंच हाय."

ओल्या दाण्यांवरची बुरशी विष तयार करते. मुरघासात बुरशी मरते, विष राहतं. ते यकृतावर जातं, दुधात उतरतं. त्याला उतारा नाही.

"सकाळचं दूध?"

"कॅन फाट्यावर गेला. आठ घरांचं एकत्रच हाय. डेअरीचा टेम्पो येतच आसंल."

"थांबवा."

कडूबाईंनी फोन हातात घेतला. "तुमीच शिकवलं हे. आता बायांला काय सांगू?"

"डॉक्टरबाई चुकली म्हणून सांगा."

त्यांनी सुनेला फोन लावला. "कॅन चढू देऊ नको. वतून दे. व्हय, सगळा. बोलते मी बायांशी."

मी सलाईन लावलं, यकृताची इंजेक्शनं दिली. आठही घरांचा मुरघास बंद करून नुसता कडबा सुरू केला. तिसऱ्या दिवशी दोन गायी रवंथ करू लागल्या. तिसरी सात महिन्यांची गाभण होती. तिनं वासरू टाकलं.  कडूबाई कोमट पाण्यानं गाय पुसत राहिल्या.

गटाच्या बैठकीत मी उभी राहून चूक सांगितली. त्या पिशवीचं सॅम्पल मी लॅबला दिलं होतं, त्यात विष निघालंच होतं. साली आम्ही आजही वापरतो, पण ओलं पोतं कडूबाई गाडीतून उतरूच देत नाहीत. मीही प्रत्येक खेप तपासते. सल्ला द्यायला एक सॅम्पल पुरतं. गाय मात्र सगळी पोती खाते.