खंडेनवमीच्या ताम्हणातली कुपी

प्रभाकररावाचा मला राग येत नाही. राग यायला समोरच्या माणसाची थोडी तरी किंमत असावी लागते. एकतीस वर्षं एकाच प्रयोगशाळेत काढून ज्याला साधं पिपेट धरता येत नाही, त्याच्यावर राग काय वाया घालवायचा? तोंडावर मी त्याला भाऊ म्हणतो, अहोजाहो करतो. इथं मात्र 'तो' म्हणणार. एवढी तरी चैन मला हवी.

माणूस पुलगावचा. वर्ध्याला आमच्या संस्थेत आधी स्टोअरमध्ये चिकटला आणि साहेबलोकांच्या पुढेपुढे करत मुख्य तंत्रज्ञ झाला. मी त्याच्या हाताखालचा. त्याचा पांढरा कोट फक्त पाहुणे येतात त्या दिवशी अंगावर चढतो, आणि त्याच्या खिशात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी असते. 'येथे खाण्यास मनाई आहे' ही पाटी त्यानंच लावलेली. तिच्याच खाली उभा राहून तो खर्रा चघळतो. त्याचं काम म्हणाल तर एकच, डीप फ्रीझरची किल्ली कमरेला लावून हिंडणं. फ्रीझर उणे ऐंशी अंशाचा. गारठ्यानं बोटं जळतात म्हणून आत हात तो कधी घालत नाही. किल्ली त्याची आणि हात माझे, अशी आमची वाटणी.

त्या फ्रीझरात नमिताची कुपी होती. नमिता कारंजा घाडगेची पोर, चार वर्षांपासून आमच्याकडे पीएचडी करत होती. जवसाच्या तेलातली मेदाम्लं शरीरात कशी मोडतात, हा तिचा विषय. माणसाच्या यकृतात हे मोडण्याचं काम जे एन्झाइम सुरू करतं, त्याचा जीन जिवाणूत घालून त्याच्याकडून ते एन्झाइम बनवून घेतात. तसलं एन्झाइम परदेशातून बर्फात येतं, करंगळीएवढ्या कुपीत. शेवटच्या नोंदींपुरती एकच कुपी उरली होती. नवी यायला तीन महिने लागतात, आणि तिची फेलोशिप डिसेंबरात संपणार होती.

"हे गेलं त सगळंच गेलं, काका," असं ती मला म्हणाली होती.

प्रभाकरराव मात्र पाहुण्यांना बंद फ्रीझरकडे बोट दाखवून त्या कुपीबद्दल सांगायचा, "हे पोटाची चरबी उतरवाचं औषध हाये." पाहुणे हसून आपापल्या पोटावरून हात फिरवायचे. उथळ पाण्याला खळखळाट फार.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. सेंट्रिफ्यूजला झेंडूचा हार, सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू. यंदा संचालक स्वतः येणार होते. नमिता आदल्या दिवशी सणाला गावी निघाली. जाताना म्हणाली, "फ्रीझरकडे लक्ष ठेवजा काका. तुम्ही हाये म्हणून जाऊन राह्यली मी."

सकाळी प्रभाकररावानं ताम्हण मांडलं आणि मला विचारलं, "लॅबमंदी सगळ्यात भारी वस्तू कोणती हाये?"

"नमिताची कुपी," मी बोलून गेलो.

"मंग आण तेच. साहेबाले दिसलं पाह्यजे."

"भाऊ, ते बाहेर राह्यलं त खराब होते."

"काऊन? वर्षभर फ्रीझरात राह्यते, घडीभर देवाजवळ बसन त मरन का? मले शिकवू नको. तुह्या गोपनीय अहवालावर सही कोणाची राह्यते?"

त्यानं किल्ली पुढे केली. मी हातमोजे घातले.

संचालक अडीच तास उशिरा आले. तोवर कुपी झेंडूच्या फुलांत, पेटत्या समईशेजारी बसून होती. ऑक्टोबरचा उकाडा, त्यात धूप जळत होता म्हणून पंखेही बंद. आत पाणी झालेलं मला दिसत होतं. प्रभाकररावानं बोट कुंकवात बुडवून कुपीच्या झाकणावर टेकवलं आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसला. फोटोत कुपी दिसतच नाही. त्याचं पोट आडवं आलं आहे.

दसऱ्यानंतर नमिता आली ती आपट्याची पानं घेऊन. पहिलं सोनं मला दिलं आणि पाया पडली. मग कामाला लागली. मशीनच्या पडद्यावर जी रेघ वर चढायला हवी होती, ती आडवीच राहिली. तिनं दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. शेवटी स्टुलावर बसून राहिली.

प्रभाकररावानं मला कोपऱ्यात घेतलं. "पोरीले काही सांगू नको. उगाच रडन." मग तिच्याकडे जाऊन डोक्यावर हात ठेवला. "होते बेटा. तुह्याच हातून काही चुकलं असन."

मला किळस आली. खर्र्यानं रंगलेलं ते तोंड, वरून बापाची माया.

तो गेल्यावर नमितानं मला विचारलं, "काका, मी नव्हती तवा फ्रीझर उघडलता का कोणी?"

"नाई बेटा," मी म्हणालो.

तिनं लगेच विश्वास ठेवला. पेन काढून वहीत लिहिलं, 'हाताळणीतील चूक माझी.' खाली तारीख घातली, सही केली. गेल्या आठवड्यात ती सामान घेऊन कारंज्याला परत गेली. माझा गोपनीय अहवाल यंदा 'उत्कृष्ट' आला आहे.

प्रभाकरराव मूर्ख आहे, हे मी कोणालाही लिहून देईन. आपण काय करतो आहोत हे त्याला त्या दिवशी खरंच कळत नव्हतं. मला कळत होतं. पूजा आटोपल्यावर कुपी परत ठेवताना झाकणावरचं कुंकू मी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून काढलं. तेव्हा मला कोणी गप्प राहायला सांगितलंही नव्हतं.