सूपभर कोंडा

बनाबाईंच्या दारात हाड्या लहानाचा मोठा झाला, पण हे कुत्रं आपलं आहे असं बनाबाईंनी एकदाही कबूल केलं नाही.

"गावाचं हाय ते," त्या म्हणायच्या. गाव ऐकून घ्यायचं आणि गालात हसायचं. परातीतल्या शेवटच्या पिठाची इवलीशी चानकी तव्यावर पडली की हाड्या उंबऱ्याशी येऊन बसे, आणि ती चानकी दुसऱ्या कुणाच्या वाट्याला कधी गेली नाही. कुणी बघतंय असं दिसलं की बाई मोठ्यानं ओरडत, "हाड, हाड!" त्यावरूनच त्याला नाव पडलं. कुत्र्याला वाटे, ही लाडाची हाक आहे. त्याचं काही फार चुकत नव्हतं.

बनाबाई अशा का वागतात, हे विंझरकडच्या जुन्या बायकांना सांगावं लागत नाही. त्यांची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरा झाला तेव्हा सासूनं बाळ शेजारच्या सखूबाईच्या ओटीत टाकलं, तिच्याकडून सूपभर कोंडा घेतला आणि मूल विकलं. जे कोण टपून बसलं असेल त्याला कळावं, की हे पोर बनाचं नाही, आणि कोंड्याच्या मोलाचं पोर नेऊन करायचंय काय? नाव ठेवलं कोंडिबा. पोर वाढलं बनाबाईंच्याच पदराखाली, पण त्यानं आई म्हणायचं सखूबाईला आणि जन्मदातीला म्हणायचं बनाकाकी. कोंडिबा जगला. कामथडीला हायवेलगत त्यानं गॅरेज टाकलं, लग्न झालं, लेकरं झाली. हाक मात्र बदलली नाही, कारण बनाबाईंना धीर झाला नाही. माझं म्हटलं की जातं, एवढं एकच त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तर एका सकाळी हाड्या दूधवाल्या माऊलीच्या मोटारसायकलमागं लागला. किटली रस्त्यात उलटली आणि माऊलीचा गुडघा फुटला. गावात कुत्री उदंड झाली होती, त्यात हे निमित्त. सरपंच शिवानीनं ग्रामसभेत नियम करून घेतला. पाळलेलं कुत्रं दिवसा बांधून ठेवायचं, गळ्यात पट्टा घालायचा, लस टोचून घ्यायची. ते कुणाला चावलं, कुणामागं लागलं, तर जबाबदार मालक. ज्याला मालक नाही त्याला कुत्री धरणारी गाडी नेणार. ऑपरेशन करून, लस टोचून परत इथंच आणून सोडणार, असं शिवानी पुन्हा पुन्हा सांगत होती. पण गेलेलं कुत्रं परत आलेलं वाडीनं अजून पाहिलं नव्हतं.

बनाबाई पेचात पडल्या. आपलं म्हणावं तर भीती, न म्हणावं तर गाडी. शेवटी त्यांनी जुनंच औषध काढलं. रिकामं सूप घेऊन त्या सखूबाईकडे गेल्या.

"सखू, कोंडा घाल यात. हाड्या तुला इकला."

सखूबाईनं कपाळाला हात लावला. "बने, म्हातारी झालीस की गं." पण कोंडा घातला.

लस टोचायच्या दिवशी शाळेपुढं सारं गाव गोळा झालं. हाड्याचा दोर सखूबाईच्या हातात आणि बनाबाई लांब, चिंचेखाली, जणू आपला काही संबंधच नाही.

"सखूबाई, आता हे तुमचं. तुमच्याच दारात बांधायचं, आणि काही झालं तर विचारणार तुम्हांला," शिवानी म्हणाली.

"व्हय," सखूबाई म्हणाली, पण हाड्याला ते मान्य नव्हतं. गुरांच्या दवाखान्यातल्या मितालीबाई सुई घेऊन वाकल्या की तो दात दाखवायचा.

"मालकिणीच्या हातात राहत नाही तर टोचू कसं?" त्या म्हणाल्या. "गाडीतच चढवावं लागेल." दोघं जण जाळं घेऊन पुढं आले. हाड्या अंग चोरून थरथरायला लागला.

बनाबाईंना ते बघवेना. "हाड!" त्या ओरडल्या. "हाड मेल्या, गप बस की!"

हाड्याचे कान उभे राहिले. सखूबाईला दोरासकट ओढत तो चिंचेपाशी आला आणि बनाबाईंच्या लुगड्यात त्यानं तोंड खुपसलं. माणसं हसली. तेवढा माऊली हसला नाही.

"आता तरी सांगा, कुणाचं कुत्रं ते," तो म्हणाला.

बनाबाईंनी खाली बसून हाड्याला कवेत घेतलं.

"माजं हाय," त्या म्हणाल्या. "माऊली, तुजा गुडगा माज्या कुत्र्यानं फोडला. त्याला बांदलं न्हाई, ही माजी चूक."

लस टोचून झाली. घरी आल्यावर बनाबाईंनी हाड्याला दाराशी बांधलं आणि दुपारभर त्याच्या पोटावर हात ठेवून बसल्या. श्वास चालू आहे ना, हे त्या पुन्हा पुन्हा बघत होत्या. हाड्या मजेत घोरत होता.

दिवस कलता कलता कोंडिबा आला. सखूबाईनं मोबाईलवर सगळं सांगितलंच होतं. त्यानं येताना चामड्याचा पट्टा आणला होता. तो हाड्यापाशी उकिडवा बसला.

"काकी, चारचौगांत माजं म्हनलीस म्हनं."

"म्हनलं. आजून तरी बरं हाय बग त्याचं."

कोंडिबा पट्टा हातात फिरवत राहिला. केस पांढरे झालेला तो माणूस मान वर न करता म्हणाला, "मंग मला बी म्हन की. इतकी वर्सं झाली. आता मला कोन नेतंय?"

बनाबाईंनी सवयीनं इकडंतिकडं पाहिलं, कुणी ऐकत तर नाही. मग उठल्या, घरातून कोंड्याचं सूप आणलं आणि अंगणाच्या कडेला जाऊन साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"सखू, तुजा कोंडा परत घिऊन जा!"

"कुत्र्याचा का पोराचा?" पलीकडून सखूबाईनं विचारलं.

"दोगांचा बी. दोगं बी माजं हायती."

सखूबाई पदरानं डोळे पुसत कुंपणाशी आली.

"आये, जरा हिकडं ये," मागून कोंडिबा बनाबाईंना म्हणाला. "मला ही पट्ट्याची कडी लागंना."