विमानासाठी तोडलेलं दूध

माझी लेक वीस महिन्यांची झाली तरी अंगावर पीत होती, आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. आमच्या वाडीत पोरं दोन-अडीच वर्षं पितात. आई कामावरून आली की खेळ टाकून धावत येतात, उभ्या उभ्या चार घोट पितात आणि परत खेळायला पळतात. मी स्वतः तीन वर्षं प्यायले असं आये सांगते, तेही चारचौघांत, मोठ्या आवाजात, मी नोकरीला लागल्यावरसुद्धा.

नोकरी म्हणजे महाडमधल्या एका शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक. वाडी आमची पोलादपूरच्या वर, कुडपणच्या अंगाला. तिथून खाली उतरून कॉलेज केलेली, बी.एस्सी. झालेली मी पहिली. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी मिरवते. मिरवतेच. फुकट नाही मिळालेलं.

नवरा औषधांच्या कारखान्यात. त्याची महाडहून विशाखापट्टणमला बदली झाली, आणि चार महिने पोरीने बाप फक्त मोबाइलवर बघितला. मोबाइल दिसला की ती त्यालाच "बाबा" म्हणायला लागली होती. शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली तेव्हा त्याने आम्हा दोघींचं विमानाचं तिकीट काढलं. रेल्वेने दीड दिवस लहान पोर घेऊन एकटी कशी येणार, म्हणाला. चांगलं वाटलं मला. मग दोन दिवसांनी परत फोन आला.

"काय गो, विमानात तिला पाजणार नायस ना?"

"भूक लागली तर काय करू?"

"ती एस्टी नाय. आमचे साहेब लोक त्याच विमानानं येतात-जातात. ओढणीखाली पोर घेऊन बसलीस तर बरं नाय दिसत. दोन वर्षांची व्हायला आली, आता तोड."

तिथल्या तिथे भांडायला हवं होतं. मी भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहे, शाळेत हेडमास्तरांनाही ऐकवते. पण त्या दिवशी मी "बघते" म्हटलं. कारण त्याने बोलायच्या आधीच ते माझ्या डोक्यात होतं. मी पोरीला एस्टीत पाजलं होतं, जीपमध्ये पाजलं होतं, तहसील कचेरीच्या पायरीवर दाखल्याची वाट बघत पाजलं होतं. विमान म्हटल्यावर मात्र मला वाटलं, तिथे शिकलेली माणसं असतात. म्हणजे मी कोण होते?

दूध तोडायचं ठरलं म्हणून आये महाडला माझ्या खोलीवर राहायला आली. आमच्याकडे दूध तोडायची एक रीत आहे. घरात पाहुणा नाही, पोराला ताप-खोकला नाही, कुठे जायचं-यायचं नाही, असा काळ बघायचा. पोराला रात्री आजीजवळ निजवायचं. दिवसाचं एकेक पाजणं कमी करत न्यायचं. त्याला महिना लागतो, दीड महिनाही लागतो. तरीही नाही सुटलं तर शेवटचा उपाय म्हणून आईने अंगाला किराइताचं पाणी लावायचं. किराईत म्हणजे तापावर उकळून देतात त्या काड्या. इतक्या कडू, की भांडं घासलं तरी कडूपणा जात नाही.

माझ्याकडे सहा दिवस होते. मी शेवटच्या उपायापासून सुरुवात केली.

आये म्हणाली, "म्हशीचं रेडकू तोडताना पण आम्ही एवढी घाई करत नाय गो बाय. आणि परवासाच्या तोंडावर कोण तोडतं?"

"आये, विमानात सगळं मिळतं."

"काय मिळतं?"

"दूध, पाणी, बिस्किटं."

"मग पोर पण तिथलीच घे एखादी. हिला कशाला नेतेस?"

मी तिला म्हटलं, तुला त्यातलं काही कळत नाही, तू कधी विमान बघितलंस? ती गप्प बसली. आये गप्प बसली की समजायचं, आपण चुकतो आहोत आणि ती आपल्याला चुकू देते आहे. हे मला तेव्हाही माहीत होतं.

किराईत मी स्वतः उकळलं, गाळलं, थंड केलं. प्रयोगशाळेत द्रावण तयार करावं तसं. संध्याकाळी पोर नेहमीसारखी हसत आली, मांडीत शिरली, तोंड लावलं. आणि सोडलं. ती लगेच रडली नाही. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी हे तिच्याशी मुद्दाम केलं असेल हे तिच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं, म्हणून ती मला सांगत होती, जशी पायात काटा गेला की सांगायची. "आई, कलू." तिला कडू म्हणता येत नव्हतं.

"हो, कडू झालं," मी म्हटलं. "बाऊ झाला त्याला."

पुढचे दोन-तीन दिवस ती यायची, कपड्यावरून हात लावायची, स्वतःच "कलू" म्हणायची आणि हात काढून घ्यायची. पाचव्या दिवशी तिने विचारणंच बंद केलं. मला इकडे दूध साचून ठणका लागलेला, आये कोबीची पानं बांधून शेकत होती. आणि फोनवर नवरा म्हणत होता, "बघ, सुटलं ना! उगाच घाबरत होतीस." मला परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं होतं. हे लिहिताना माझ्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

महाडहून पहाटेची एस्टी, पनवेलहून रिक्षा, मग विमानतळ. सगळीकडे मी आधी पाट्या वाचल्या आणि मगच विचारलं, म्हणजे कुणी अडाणी म्हणायला नको. खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक गृहस्थ, चाळिशीचे, मांडीवर लॅपटॉप. मी पोरीचा छोटा पट्टा माझ्या पट्ट्यात अडकवायला धडपडत होते, तेव्हा ते मराठीत म्हणाले, "पहिल्यांदाच का?"

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलले. का बोलले? त्यांना काय देणं लागत होते मी?

प्रवासाने दमलेली पोर विमान उडायच्या आधीच झोपली. वर जाताना एकदा कुशीत हलली, बस. मी ढग बघितले. मनात म्हटलं, आये उगाच बोलत होती.

विमान खाली यायला लागलं आणि ती उठली. आधी नुसती कुरकुर. मग तिने दोन्ही हात कानांवर दाबले आणि किंचाळायला लागली.

आता माझं अज्ञान म्हणाल तर तेही नव्हतं. हवेचा दाब काय असतो, उंचीवरून खाली येताना कानाच्या पडद्याला काय होतं, हे मला कुणी विचारलं असतं तर मी फळ्यावर आकृती काढून दाखवली असती. वाडीवरून घाट उतरताना जीपमध्ये आम्हा सगळ्यांच्या कानांना दडे बसतात. जीप पहिल्या वळणाला लागली की पोरंवाल्या बाया पोरांना पदराखाली घेतात. घोट गिळला की कान सुटतो. त्यांना दाब-बिब माहीत नाही, आणि आमच्या जीपमध्ये पोर कधी रडत नाही. माझी लेकही त्याच घाटाने वीस महिने पीत पीत उतरली होती. सगळं मला माहीत होतं. डिग्री होती, घाटही होता, आणि दोन्ही बाजूला ठेवून मी साहेब लोकांना काय दिसेल त्याचा विचार केला.

बाटली काढली. तिने हाताने उडवली ती शेजारच्यांच्या पॅन्टवर. बिस्किट दिलं, थुंकली. पाणी पाजायला गेले तर ठसका लागला.

"अहो, बघा ना जरा तिला," गृहस्थ म्हणाले. रुमालाने पॅन्ट पुसत होते.

"बघतेच आहे."

"एवढी लहान मुलं विमानात आणायची म्हणजे जरा तयारी करून आणायची असतात. नाहीतर रेल्वे आहे की. तिथे चालतं हे सगळं."

हे सगळं. माझ्या मांडीत पोर कान धरून तडफडत होती आणि त्याला हे सगळं म्हणत होता माणूस.

"तुम्ही काय पॅन्ट घालूनच जन्माला आलात का?" मी विचारलं. आवाज जरा मोठाच लागला. पुढच्या रांगेतली डोकी वळली. "तुम्हीही रडला असाल की कुणाच्या तरी मांडीत. तुमच्या आईला कुणी म्हटलं होतं का, याला खाली उतरवा म्हणून?"

"मी तसं म्हटलेलं नाही."

"म्हटलंत. मला मराठी कळतं."

त्याने लॅपटॉप मिटला आणि समोर बघत बसला. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण त्यातला एक शब्द खरा होता. तयारी. मी तयारी केली होतीच की, सहा दिवस.

तेवढ्यात हवाई सुंदरी आपल्या जागेवरून वाकून म्हणाली, "मॅडम, बेबी के कान में प्रेशर आ रहा है. फीड कराइए ना उसको. सब यही करते हैं."

सब यही करते हैं! तिने हे असं सांगितलं, जसं आमची जीपमधली एखादी बाई सांगेल. ज्या माणसांच्या लाजेने मी पोरीचं तोंड कडू केलं, त्यांच्या विमानात तर पाजायला कुणाची ना नव्हती. लाजेची ती भिंत त्यांनी बांधलेलीच नव्हती. मी आणि माझ्या नवऱ्याने फोनवर बांधली होती.

मी ओढणी बाजूला केली, कमीज वर घेतला, पोरीला आडवी केली. लाज कुठच्या कुठे गेली होती. ठणकत होतं म्हणजे दूध होतं, पाचवा-सहावा दिवस असला तरी होतं.

तिने बघितलं. रडणं क्षणभर थांबलं. मग तिने मान फिरवली आणि दोन्ही हातांनी मला ढकललं.

"कलू! आई, कलू!"

"नाही गो माझे बाय, आता नाही कडू. बघ." मी बोटावर दूध घेऊन स्वतः चाटलं. "बघ, आई खाते. गोड हाय."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तसंच, पहिल्या संध्याकाळसारखं. पण या वेळी ती मला काही सांगत नव्हती. माझ्यावर विश्वास ठेवावा की नाही हे बघत होती. वीस महिन्यांची पोर. आणि तिने नाही ठेवला. मान हलवली, कान परत दाबले आणि माझ्याकडे पाठ करून त्या गृहस्थांच्या बाजूला तोंड करून रडायला लागली.

त्यांनी, का कोण जाणे, आपलं एक बोट पुढे केलं. तिने ते धरलं. मला ते आवडलं नाही. त्यांचे आभार मानायला हवे होते, मानले नाहीत, आणि आजही मानावेसे वाटत नाहीत.

चाकं टेकेपर्यंत ती रडली. मग कान आपोआप सुटला असावा, नुसते हुंदके राहिले. विमान थांबलं, लोक उठून बॅगा काढायला लागले. मी तिला खांद्यावर टाकून उतरले. बॅगांच्या पट्ट्याजवळ उभी राहिले तेव्हा माझा कमीज पुढून ओला झाला होता. ओढणी घेऊन झाकता आला असता. झाकला नाही.

बाहेर नवरा उभा होता. इस्त्रीचा शर्ट, दाढी करून आलेला. पोरीने त्याला ओळखलं नाही. मोबाइलमधून बाहेर आलेला बाबा तिच्या ओळखीचा नव्हता, ती मला आणखी घट्ट बिलगली.

"त्रास दिला काय हिनं?" त्याने विचारलं.

"हिनं नाय."

"मग?"

मी तिथल्या लोखंडी बाकावर बसले. पोर मांडीत होती, हुंदके देत होती, आणि तिचा हात सवयीने माझ्या कमीजावर आला होता. ओलं लागलं तसं तिने हात उचलून तोंडात घातला. चोखला. परत हात लावला, परत चोखला. मी हलले नाही. काही बोलले नाही. बोलून माझी पत गेली होती, आता तिचं तिला ठरवू दे म्हटलं.

तिने कमीज ओढला. मी वर घेतला.

"इथं?" नवरा म्हणाला.

"इथं."

"अगं, माणसं बघतायत. गाडीत बस ना, गाडी आणलीय मी."

"बघू देत. तुम्हाला लाज वाटत असेल तर गाडीत जाऊन बसा."

तो गेला नाही. आमच्या पुढ्यात येऊन उभा राहिला, पाठ लोकांकडे करून, हात कमरेवर ठेवून, जमेल तेवढा रुंद होऊन.

"आडोसा करू नका," मी म्हटलं. "बाजूला व्हा. वारा लागू दे तिला. आणि परत कधी मला तोड म्हणून सांगायचं नाय. ती सोडेल तेव्हा सोडेल."

"बरं," तो म्हणाला, आणि बाजूला झाला.

पोरीने दोन घोट घेतले, थांबली, माझ्याकडे बघितलं. मग परत तोंड लावलं आणि कचकन चावली. वरचे चार, खालचे चार, सगळे दात. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

चाव, म्हटलं.