पट्टीवर तेल फुल

आमच्या गाडीला क्लच नाही, हे भिवंडीत कोणाला पटवणं सोपं नाही. इथे घरटी एक तरी माणूस ट्रक, टेम्पो नाहीतर पिकअप चालवतो आणि त्याच्या लेखी गाडीला तीन पेडल असतात. एकदा एक टेम्पोवाला माझ्या गाडीत डोकावला, दोनच पेडल बघून खाली वाकला आणि म्हणाला, "भाभी, क्लच का पेडल निकल गया क्या?" मी म्हटलं, मुळातच नाहीये. मला कोणीतरी चांगलंच फसवलंय, अशा चेहऱ्याने तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

मला ऑटोमॅटिकशिवाय दुसरी गाडी चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी दोनदा नाव घातलं होतं. क्लच आणि माझा डावा पाय यांचं काही जमलं नाही. शिकवणारे गृहस्थ शेवटी शेवटी माझ्या बाजूला बसून डोळे मिटून घ्यायचे. मग नवऱ्याने ठाण्याच्या एका डॉक्टरांची जुनी ऑटोमॅटिक घेतली. ती घेताना गाडी माझ्यासाठी आहे असं तो म्हणाला नव्हता, पण तिसऱ्या दिवशी चावी माझ्या पर्समध्ये होती आणि ती मी पुन्हा बाहेर दिली नाही.

त्या गाडीने दर गुरुवारी मी खारबावला बाबांकडे जायचे. बाबा एकटे राहतात. शाळेत मास्तर होते, आई गेल्यापासून घरचे हेडमास्तर झालेत. फोनवर त्यांना काहीही विचारा, उत्तर "बरं आहे". जावयासोबत गेलं तर विचारूच नका. खुर्च्या पुसल्या जातात, सरबत येतं, जमिनीचे भाव आणि रस्त्याचे खड्डे यांवर चर्चा होते आणि बाबा प्रत्येक प्रश्नाला "बरं आहे" म्हणत पाहुण्यासारखे आपल्याच घरात ताठ बसतात. मी एकटी गेले तरच ते आधी माझ्याशी भांडतात आणि भांडण झालं की खरं काय ते सांगतात. मला ते भांडण हवं असायचं. गाडीचा सगळा प्रश्न माझ्यासाठी एवढाच होता.

तर ती गाडी उन्हाळ्याच्या तोंडावर रुसली. सकाळी चालू करून डी, म्हणजे पुढे जायचा गिअर, टाकला तर काहीच व्हायचं नाही. गाडी विचार करायची. मग एकदम मागून कोणी ढकलल्यासारखा धक्का बसून निघायची. पुलाच्या चढावर इंजिन बोंबलायचं आणि गाडी मात्र माणसाच्या चालीने जायची. मागे कंटेनरवाले हॉर्न देऊन देऊन थकायचे. वळणावर तर कहर. स्टिअरिंग फिरवलं की गाडीतला जीवच जायचा, सरळ झाली की परत यायचा.

रोगी एक आणि वैद्य आम्ही राहतो ती अख्खी नारपोली. आमचा लूमचा कारखाना होता तेव्हाचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्तरी, अजूनही सणासुदीला येतो. त्याने कानाशी स्क्रूड्रायव्हर लावून इंजिन ऐकलं आणि सांगितलं, "पट्टा सरकतोय. मोटर फिरते, माल निघत नाही. पट्ट्याला राळ लावा." कुठल्या पट्ट्याला, ते त्यालाही दाखवता आलं नाही. दापोड्याच्या ट्रकच्या गॅरेजवाल्याने बोनेट न उघडताच निदान केलं.

"क्लच प्लेट गयी."

"इसमें क्लच नहीं है," मी म्हटलं.

"फिर भी गयी."

ठाण्याच्या वर्कशॉपमधला पोरगेलासा साहेब मात्र सगळ्यांत वाईट. त्याने लॅपटॉप लावला, उसासा टाकला आणि गिअरबॉक्सच बदलावा लागेल म्हणाला. तो गाडीपेक्षा महाग पडणार होता. चुलत सासूबाईंनी लिंबू-मिरची बांधून दिली. त्याने निदान गाडी बरी दिसायला लागली.

आता नवऱ्याबद्दल. तो गाडीचं तेल स्वतः तपासतो, दर रविवारी, आंघोळीच्या आधी. गाडी रात्रभर उभी, इंजिन थंड, चावी काढून त्याच्या खिशात. कारखान्यातून उरलेल्या कापडाचा तुकडा खांद्यावर. इंजिनाच्या तेलाची पट्टी काढणार, पुसणार, घालणार, काढणार, उन्हात धरून बघणार. मग गिअरच्या तेलाची पट्टी, तीच पूजा. आणि मग मोठ्याने, शेजाऱ्यांनाही कळावं असं, "फुल हाय."

चावी खिशात ठेवायचं कारण मला माहीत आहे, म्हणून मी कधी हसले नाही. लूम चालवायच्या दिवसांत चालू मागात अडकलेला धागा काढायला गेला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक त्या मागातच राहिलं. तेव्हापासून घरात एक कायदा आहे. मशीन चालू असताना आत हात घालायचा नाही. मिक्सर, पंखा, कुलर, पाण्याचा पंप, सगळ्यांना हाच कायदा. मी मिक्सरचं झाकण उघडायच्या आधी तो पाठीमागून येऊन प्लगच काढतो. चटणी अर्धवट राहिली तरी चालेल.

"तेल फुल हाय, तरी गाडी चालत न्हाय," तो म्हणाला, "म्हणजे गिअरबॉक्सच गेला. विकून टाकू. तुला कुठं जायचं तिथं मी सोडीन."

हे "मी सोडीन" आमच्या घरातलं फार जुनं वाक्य आहे. ते ऐकलं की मी साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन सोफ्यावर बसते आणि हा "एक फोन करून येतो" म्हणून आमच्या गोदामाच्या भाडेकरूशी बोलायला जातो. जेवायची वेळ होते, साडी चुरगळते, आणि शेवटी उद्या जाऊ म्हणतो. मी म्हटलं, "गाडी विकली तर मी बैलगाडी घेईन." त्याने ते मनावर घेतलं नाही. पुढच्या रविवारी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार, असंही त्याने ठरवून टाकलं. मी त्या दिवशी भाजीत मीठ घातलं नाही. तो गुपचूप जेवला, म्हणजे त्यालाही कळलं होतं.

खारबावचे गुरुवार तोवर बुडायलाच लागले होते. गाडी वाटेत बंद पडली तर ट्रेलरांच्या मधे अडकशील म्हणून नवऱ्याने लांबचं जाणं बंदच केलं होतं. मी फोन करायचे. बाबा म्हणायचे, "बरं आहे."

गिऱ्हाईक येण्याच्या आदल्या दिवशी दापोड्याला नात्यातला साखरपुडा होता, एका रिकाम्या गोदामात. आमच्याकडे आता हॉल कोणी घेत नाही, एवढं मोठं छप्पर घरचं असताना कशाला घ्यायचा? पत्र्याखाली दुपारी बारा वाजता आम्ही सगळे वाफवून निघालो. परतताना मी चालवत होते, नवरा शेजारी, मागे सासूबाई. सासूबाईंनी बसल्या बसल्या एसीची झडप स्वतःकडे वळवून घेतली आणि डोळे मिटले. अंजूरफाट्याच्या वळणावर गाडीतला जीव गेला आणि या वेळी सरळ होऊनही परत आला नाही. मी ती कशीबशी कडेला घेतली. पार्कमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला. इंजिन मजेत चालू होतं.

नवऱ्याने उतरून बोनेट उघडलं आणि हाक मारली, "बंद कर."

मागून आवाज आला, "बंद करू नको. एसी जाईल."

"आई, बघायला तं बंद करावं लागंल."

"मंग बगू नको. मी हितं शिजून मरनार न्हाय."

"चालू मशीनमध्ये हात घालायचा न्हाय, तुला म्हाईत हाय ना?"

"तुजा हात. माजा एसी हाय."

माझ्या एका कानात नवरा आणि दुसऱ्या कानात सासूबाई. लग्नाला इतकी वर्षं झाली, कोणाचं ऐकायचं हे अजून मला ठरवता आलेलं नाही. त्या दिवशी मात्र मला दोघांचाही राग आला. गाडी जाणार, गुरुवार जाणार आणि हे दोघं एसीवर भांडतायत. मी इंजिन तसंच चालू ठेवून उतरले, बोनेटपाशी गेले आणि म्हटलं, "तुम्ही नका घालू हात. मी घालते."

मी पैठणी नेसले होते. आत पंखा गरगर फिरत होता, पट्टा पळत होता. नवऱ्याचा चेहरा उतरला. तो मला ओढू शकत नव्हता, कारण ओढलं तर मी आत पडले असते. शेवटी त्याने मागून माझा पदर दोन्ही हातांनी गच्च पकडला आणि आपल्या पोटाशी धरून ठेवला. अंजूरफाट्याला भर दुपारी एक बाई बोनेटमध्ये वाकलेली आणि तिचा नवरा तिचा पदर धरून उभा. एका ट्रेलरवाल्याने गाडी हळू करून संपूर्ण दृश्य बघून घेतलं. कोणीतरी "भाऊ, सोडू नको" असंही ओरडलं.

मी गिअरच्या तेलाची पट्टी काढली. ती कोरडी होती. टोकाला जेमतेम ओल.

"शक्य न्हाय," नवरा पदर न सोडता म्हणाला. "रविवारी फुल होतं. आता बंद करून बघ."

सासूबाईंची समजूत घालून बंद केलं. थोडा वेळ थांबलो. पट्टी काढली. फुल. नवऱ्याने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. मी परत चालू केली. पट्टी कोरडी. परत बंद केली, थांबलो, परत फुल. मागून सासूबाई प्रत्येक वेळी विचारत होत्या, "आता का बंद केली?" चौथ्या वेळी नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा विजय मावळला. इंजिन चालू झालं की तेल गिअरबॉक्सच्या आत वर चढत होतं आणि खाली उरतच नव्हतं. बंद केलं की सगळं खाली उतरून पट्टीवर फुल दिसत होतं. म्हणजे या गाडीचं हे तेल इंजिन गरम आणि चालू असतानाच मोजायचं होतं. आम्ही इतकी वर्षं झोपलेल्या गाडीचं तेल मोजत होतो, आणि ती कधीच खोटं बोलली नव्हती. आम्हीच तिला चुकीच्या वेळी विचारत होतो.

नवऱ्याने पदराची पकड न सोडता ती पट्टी पुन्हा एकदा बघितली. मग म्हणाला, "माझ्यामुळं झालं."

"बोटामुळं झालं," मी म्हटलं. मला त्याची खरंच दया आली. पण पदर सोडा, लोक बघतायत, हेही सांगितलं.

पुढचं काम साधं निघालं. रेडिएटरकडे जाणारी एक रबराची नळी फाटली होती, तिथून तेल थेंबथेंब जात होतं. जवळच्याच मेकॅनिकने ती बदलली. तेल भरायचं मात्र इंजिन चालू ठेवून, पट्टीच्याच नळीतून, थोडं थोडं. नवऱ्याने मला पदर खोचायला लावला, बांगड्या काढायला लावल्या, केस बांधायला लावले, आणि स्वतः आत बसून चावीवर हात ठेवून दर घोटाला विचारत राहिला, "बंद करू का?" सासूबाई मेकॅनिकच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या की एसी बंद करू दिला नाही म्हणूनच रोग सापडला. त्यात खोटं काही नव्हतं. गिऱ्हाईक आलं, त्याला चहा देऊन परत पाठवलं.

गुरुवारी सकाळी मी डी टाकला आणि गाडी लगेच हलली. पूल ती एका दमात चढली. गेटपर्यंत येऊन नवऱ्याने विचारलं होतं, "मी येऊ का?" मी म्हटलं, "नको." तो ठीक म्हणाला आणि फोन न करता आत गेला.

खारबावला बाबा दारातच बनियनवर उभे होते. मी उतरायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली. उशीर केलास, फाटक उघडं टाकलंस, वजन वाढलंय. मी पण मागे हटले नाही. घर किती घाण ठेवलंय, दूध का नासलंय, पेपरचे गठ्ठे अजून इथेच का. असं आमचं चांगलं चहा होईपर्यंत चाललं. मला फार बरं वाटलं. मग त्यांनी कप डाव्या हाताने उचलला, आणि बाबा डावरे नाहीत.

"उजव्याला काय झालं?"

"न्हाणीत घसरलो."

"कधी?"

"झाले काही आठवडे. हात वर होत नाही."

मला रडू यायला लागलं आणि त्याहून जास्त राग. "मी रोज फोन करते. रोज विचारते. फोनवर का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर जावई लगेच तुला घेऊन आले असते," बाबा म्हणाले. "त्यांच्यासमोर शर्ट घालावा लागला असता. एका हाताने त्याची बटणं लागत नव्हती."

मी कप खाली ठेवला, दाराला कुलूप लावलं आणि डॉक्टरकडे न्यायला त्यांना तसंच, बनियनवर, गाडीत बसवलं.