परतीची चाल

वहिनींचा फोन आला तेव्हा मी लंडनजवळच्या पिनरमधल्या घरी कुंड्या हलवत होतो. "भाऊजी, हे गेले," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "आता ते बँडचं काय करायचं?" मधूचं जाणं आणि मधूचा बँड एकाच फोनमध्ये आले... तसेच यायला हवे होते.

मधू आणि मी नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात एकदमच लागलो. तो हाडांचा डॉक्टर, मी भुलीचा. एका रविवारी दुपारी पबमध्ये जेवायला गेलो, तर कोपऱ्यात काही मंडळी जुन्या वळणाचा जॅझ वाजवत होती. मधूचं जेवण गार झालं आणि महिन्याभरात त्याच्या घरी ट्रोम्बोन आला, ते सरकत्या नळीचं लांबलचक पितळी वाद्य. हाडं जोडणारा माणूस शेजाऱ्यांची डोकी फोडायला निघाला, असं मी म्हणायचो. वहिनींनी त्याला गॅरेजमध्ये पिटाळलं. पण गडी हटला नाही. पुढे त्याच बँडमध्ये जाऊन बसला तो शेवटपर्यंत.

या संगीताबद्दल बोलताना तो ऑपरेशनपेक्षा गंभीर व्हायचा. न्यू ऑर्लिन्समधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत लष्करी बँडची वाद्यं, चर्चमधली गाणी आणि नाचाचे ठेके एकत्र आले, त्यातून हे जन्मलं. कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचं धाकटं भावंड, गाणं धरून चालतं, क्लॅरिनेट त्याच्या डोक्यावर बागडतं, ट्रोम्बोन खालून हुंकार देतो. तिघं एकाच वेळी बोलतात, तरी कुणी कुणाला तोडत नाही. आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या कमिटीला हे एकदा ऐकवलं पाहिजे, असं त्याचं मत होतं.

तिथली अंत्ययात्रेची रीत त्याची फार लाडकी. जाताना बँड संथ वाजवतो. ड्रमच्या तळाशी झणझणणाऱ्या तारा असतात, त्यांच्यात रुमाल घालतात, म्हणजे आवाज दबका येतो. निरोप दिला की रुमाल काढायचा आणि परतताना वाजवायचं ते नाचायला लावणारं. माझंही असंच करा, हे तो जेवताना सांगायचा आणि वहिनी "काहीतरीच तुमचं" म्हणून पोळी वाढायच्या.

आता ती वेळ आली होती. मंडळातल्या वडीलधाऱ्यांना भजनाची सीडी पुरेशी वाटत होती. इथेच जन्मलेली मधूची लेक नीना म्हणाली, "काका, हा बाबाचा लास्ट विश होता. आपण नो कसा म्हणणार?" वहिनींची अडचण वेगळीच होती. "माझं रडून झालेलं नाही अजून, भाऊजी. आणि हे मला नाचायला लावणार?" शेवटी ठरलं, बँड येईल, संथ वाजवेल, परतीचं मात्र वहिनींनी खूण केली तरच.

क्रिमेटोरियममधला निरोप आटोपला. बाहेर फुलं मांडली होती तिथे आम्ही उभे राहिलो. ड्रम वाजवणारा कीथ रुमालाला हात लावून थांबला होता. पुढच्या अंत्यविधीची माणसं गाड्यांतून उतरू लागली होती. वहिनी फुलांकडे बघत होत्या. मला वाटलं, राहिलंच हे. मग त्या वळल्या. कॉर्नेट आणि क्लॅरिनेटच्या मध्ये बँडने मधूची जागा मोकळी ठेवली होती, तिथे जाऊन त्या उभ्या राहिल्या.

"टेक इट आऊट, कीथ. ही नेव्हर लाइक्ड वेटिंग."

रुमाल निघाला आणि बँड उसळला. वहिनींनी टाळी धरली, मागोमाग सगळ्या मंडळाने. फक्त ती पडली आरतीची, पहिल्या ठोक्यावर! या संगीताला टाळी हवी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. क्लॅरिनेटवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. कीथने मात्र मोठा ढोल नेमका आमच्या टाळीखाली आणला. जुन्या बँडचा ढोल पडायचाच तिथे, असं त्याने नंतर सांगितलं. आमच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हसू आवरत नव्हतं. मधूला याहून जास्त काय हवं होतं?

आता वहिनी दर रविवारी दुपारी पबमध्ये पुढच्या टेबलाशी बसतात. मागच्या आठवड्यात मीही गेलो. टाळी अजून तिथेच. क्लॅरिनेटवाल्याने मान हलवून त्यांना बरोबर ठोका दाखवला, मीही दाखवला.

"कळतं मला कुठे वाजवायची ते," त्या म्हणाल्या. "पण ह्यांना पोचवताना जिथे पडली, तिथेच पडू दे."

आणि माझे दोन्ही हात धरून त्यांनी माझीही टाळी चुकवली.